दगडी हत्याराचा दगड कुठला? रासायनिक विश्लेषण करू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

पुरातत्त्वाचा प्रबंध हाती घेतलेली मुलं हमखास विचारतात, "ताई, ही हातकुऱ्हाड कुठल्या डोंगरातल्या दगडाची आहे ते मशीन सांगतं ना?" सांगतं, पण अर्धंच. दगड अमुक ठिकाणचा नाही, हे रसायनशास्त्र खणखणीतपणे सांगू शकतं. तो अमुक ठिकाणचाच आहे हे मात्र तुम्ही किती डोंगर, किती डाइक (जमिनीच्या भेगेत लाव्हा थिजून बनलेल्या दगडी भिंती) आणि किती नद्यांची पात्रं आधी पालथी घातलीत त्यावर ठरतं. ही सगळी वाट मी चालून आले आहे, आणि नव्या माणसाचे महिने कुठे वाया जातात ते बऱ्यापैकी ठाऊक झालं आहे. म्हणून हा लेख, मुख्यतः महाराष्ट्रातल्या बेसॉल्ट (लाव्हा थंड होऊन बनलेला काळा दगड) आणि डोलेराइटच्या (त्याचाच जाडसर कणांचा भाऊ, बहुधा डाइकमधला) हत्यारांवर काम करू पाहणाऱ्यांसाठी.

आधी पद्धतीचं मूळ थोडक्यात. १९६४ साली कॅन आणि रेन्फ्रू यांनी भूमध्य समुद्राच्या आसपास सापडणाऱ्या ऑब्सिडियनच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेच्या, हत्यारांमधले सूक्ष्म घटक, म्हणजे अगदी अत्यल्प प्रमाणातली मूलद्रव्यं, मोजले आणि बेरियम व झिर्कोनियम यांच्या प्रमाणावरून उगम वेगळे काढता येतात हे दाखवलं. ग्रीसच्या फ्रांख्थी गुहेत दहा हजार वर्षांपेक्षाही जुन्या थरांत मिलोस बेटावरचं ऑब्सिडियन सापडलं, तेव्हा शेती सुरू होण्याआधीच माणसं समुद्र ओलांडत होती हे मानावं लागलं. १९७७ साली वायगँड, हार्बॉटल आणि सेअर यांनी या पद्धतीची अट नेमक्या शब्दांत मांडली: दोन उगमांमधला फरक हा एकाच उगमाच्या पोटातल्या चढउतारापेक्षा मोठा असला पाहिजे. ही अट पाठ करून ठेवा. पुढची प्रत्येक अडचण तिच्यातूनच निघते.

ऑब्सिडियन ही अट सहज पाळतं, कारण ते काचेसारखं एकजिनसी असतं आणि त्याचे उगम मोजके असतात. आपल्या नशिबी दख्खनचा बेसॉल्ट आहे.

१. प्रश्न आधी, यंत्र नंतर

२००७ साली कॉलरसन आणि वाइझलर यांनी पॅसिफिकमधल्या तुआमोतू बेटांवर सापडलेल्या बेसॉल्टच्या वाकसांचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यातल्या एकाचा दगड हवाईच्या काहोओलावे बेटाचा निघाला, म्हणजे सुमारे ४,००० किलोमीटरवरचा. हे जमलं त्यामागे एक साधं कारण आहे. तुआमोतू ही प्रवाळांची बेटं, तिथे बेसॉल्ट मुळात नाहीच. जो काही सापडेल तो बाहेरूनच आलेला. शिवाय पॅसिफिकमधल्या ज्वालामुखी बेटांची रासायनिक ओळख बऱ्यापैकी वेगवेगळी आहे.

आपल्याकडे नेमकं उलटं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले. प्रवरेकाठी उभं राहून "हा बेसॉल्ट कुठून आला?" असं विचारलं, तर उत्तर पायाखालीच असतं. म्हणून प्रश्न अरुंद करा. उदाहरणार्थ, नेवाशाजवळच्या चिरकी इथे गुडरून कॉर्व्हिनस यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्खनन केलं. तिथल्या अश्युलियन, म्हणजे हातकुऱ्हाडींच्या काळातल्या, हत्यारांत बेसॉल्टही आहे आणि डोलेराइटही. अशा संग्रहाला विचारण्यासारखा प्रश्न म्हणजे, "डोलेराइटची हत्यारं एकाच डाइकमधली आहेत की अनेक?" याला उत्तर मिळू शकतं. "आदिमानव किती फिरत होता?" याला मिळणार नाही, निदान तुमच्या प्रबंधाच्या मुदतीत नाही.

तुमचं स्थळ दख्खन ट्रॅपच्या, म्हणजे या लाव्हाच्या थरांच्या, सीमेबाहेर असेल, ग्रॅनाइट किंवा चुनखडीच्या प्रदेशात, तर तुम्ही भाग्यवान. तिथे सापडलेला बेसॉल्टचा एक छिलकासुद्धा (दगड घडवताना उडालेली कपची) काहीतरी सांगतो.

२. परवानग्या आणि कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. पहिल्याच महिन्यात अर्ज टाका.

- हत्यारं ज्या संस्थेच्या किंवा संग्रहालयाच्या ताब्यात आहेत तिची लेखी परवानगी. पत्रात "अभ्यासासाठी" एवढंच लिहून भागत नाही. पद्धत विनाशक आहे की अविनाशक, वस्तू जागेवरच तपासणार की बाहेर नेणार, नमुना घेणार असाल तर किती ग्रॅमचा, हे सगळं हवं.
- जमिनीवरची हत्यारं गोळा करायची असतील तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि राज्याचं पुरातत्त्व संचालनालय यांच्याकडे सर्वेक्षणाचा अर्ज. तो सहसा विद्यापीठामार्फत, मार्गदर्शकांच्या सहीने जातो.
- वनजमिनीत जाणार असाल तर वन विभागाचं पत्र. खासगी शेतात मालकाची परवानगी, शक्यतो दोन ओळी लिहून घेतलेली.
- विद्यापीठाचं ओळखपत्र आणि मार्गदर्शकांचं पत्र, छापील. हातोडा घेऊन डोंगरात फिरणारा माणूस गावकऱ्यांना खाणमाफियाचा हस्तक वाटतो, आणि त्यात त्यांची चूक नाही.

सापळा असा की परदेशातली एखादी प्रयोगशाळा "पाठवून द्या, फुकट करतो" म्हणते. शंभर वर्षांपेक्षा जुनी मानवनिर्मित वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, आणि केंद्र सरकारच्या अधिकाराशिवाय ती देशाबाहेर नेता येत नाही. दगडी छिलका पाकिटात घालून कुरिअरने पाठवणं हा गुन्हा आहे. डोंगरातला भूशास्त्रीय नमुना ही वेगळी गोष्ट, पण त्याच्याही सोबत तो हत्यार नाही असं स्पष्ट लिहिलेलं पत्र ठेवा.

३. दगड आधी डोळ्यांनी वाचा

दहापट भिंग, वजनकाटा, चुंबक आणि चांगला उजेड. एवढ्यावर संग्रहाचे गट पाडता येतात, आणि हे गट पाडल्याशिवाय प्रयोगशाळेत पाऊल टाकू नका.

काय बघायचं? कणांचा आकार, प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या पांढुरक्या काड्या, रिकाम्या किंवा भरलेल्या पोकळ्या, आणि तुटलेल्या कडेवर ताज्या दगडाचा रंग. वरचा रंग फसवा असतो. शेकडो शतकं मातीत पडलेला काळा दगड वरून तपकिरी किंवा राखाडी होतो आणि आतून काळाच राहतो.

सगळ्यात बोलकी असते ती हत्यारावर शिल्लक राहिलेली मूळ साल. ती गोलसर, गुळगुळीत आणि बारीक चंद्रकोरीसारख्या आघातखुणांची असेल, तर दगड नदीच्या गोट्यांतून उचललेला आहे. मग गोदावरी किंवा प्रवरा तो गोटा कुठून वाहत घेऊन आली याचा माणसाच्या भटकंतीशी काही संबंध उरत नाही. साल खडबडीत, सपाट, मुरमासारखी कुजलेली असेल तर दगड थेट डाइक किंवा कातळावरून घेतलेला असण्याची शक्यता जास्त. कित्येक हजार रुपयांचं विश्लेषण जे सांगणार नाही, ते ही साल फुकटात सांगून जाते.

परवानगी असेल तर दोनचार निरुपयोगी छिलक्यांच्या पातळ चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. डोलेराइटमध्ये पायरॉक्सिन या गडद खनिजाच्या मोठ्या स्फटिकांत प्लॅजिओक्लेजच्या काड्या अडकलेल्या दिसतात. हे महत्त्वाचं का, ते सातव्या पायरीत कळेल.

कॅल्सेडनी, म्हणजे आपली गारगोटी, असेल तर वेगळा विचार करा. इनामगाव, नेवासे, दायमाबाद इथल्या ताम्रपाषाणयुगीन पात्यांचा हा दगड जवळपास शुद्ध सिलिका असतो आणि बेसॉल्टच्या पोकळ्यांत जागोजागी तयार झालेला असतो. त्यातले सूक्ष्म घटक इतके कमी की हातात धरायचं यंत्र (पाचवी पायरी बघा) त्यांना धड पकडत नाही, आणि एकाच गोट्यात पट्ट्यापट्ट्याला आकडा बदलतो. पहिल्याच कामासाठी हा दगड घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

४. उगमांवर पायी जा

खरं काम हे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे 'भूकोश' या त्यांच्या पोर्टलवर मिळतात. स्थळाभोवती आधी दहा, मग वीस किलोमीटरचं वर्तुळ काढा आणि त्यातले सगळे डाइक, घट्ट बेसॉल्टचे उघडे कातळ आणि गोट्यांचे थर नोंदवा. नकाशावर सगळे डाइक नसतात. उपग्रहचित्रात सरळ रेषेत जाणारी झाडोऱ्याची किंवा दगडांची रांग दिसली तर तिथेही जा. नंदुरबार-धुळे पट्ट्यात तर डाइक शेकड्यांनी आहेत. तिथे काम करणार असाल तर वर्तुळ लहान ठेवा, नाहीतर आयुष्य जाईल.

पाऊस संपल्या संपल्या गवत कंबरेएवढं असतं आणि कातळ दिसत नाहीत. गवत वाळून कापलं गेलं की जानेवारीपासून काम सोपं होतं. गावात गेल्यावर पाथरवट किंवा खाणीत काम केलेली माणसं शोधा. कुठला दगड "वाजतो" आणि कुठला घणाखाली भुसभुशीत होतो, हे त्यांना नेमकं माहीत असतं. मधेच भेगा नसलेला, बारीक कणांचा दगड हातोडी मारली की टणकारतो आणि शिंपल्यासारखा गोलाईने फुटतो. हत्यार करणाऱ्यालाही तोच हवा होता. डाइकमध्ये असा दगड बहुतेकदा कडेला मिळतो, कारण तिथे लाव्हा लवकर थंड झालेला असतो. मधला भाग जाडसर कणांचा.

नमुने घेताना:

- एका उगमावरून किमान पंधरा-वीस नमुने, डाइकच्या दोन्ही कडांवरून आणि मधून, लांबीच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून. एका डाइकचा एकच दगड घेऊन आलात तर उगमाच्या पोटातला चढउतार कधीच कळणार नाही, आणि १९७७ ची ती अट तपासताच येणार नाही.
- दगड मुठीएवढा आणि आतून ताजा असावा. कुजलेली साल जागेवरच काढा.
- क्रमांक पिशवीवर आणि आतल्या चिठ्ठीवर, दोन्हीकडे. पिशवीवरची शाई पुसली जातेच.
- जीपीएस, फोटो, डाइकची दिशा आणि रुंदी.
- गोटे नदीतून घेतलेत तर तो गट पूर्णपणे वेगळा ठेवा.

रस्त्याकडेचा, बांधावरचा किंवा रेल्वेरुळाजवळचा सुटा दगड कधीही नमुना म्हणून घेऊ नका. खडी कुठल्याकुठे वाहून नेलेली असते. क्रशरमधून पडलेले छिलके तर इतके सुबक असतात की चांगले चांगले फसतात.

५. कोणतं यंत्र?

हातात धरायचं एक्सआरएफ (क्ष-किरण टाकून दगडातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) अविनाशक आहे, संग्रहालयात नेता येतं आणि दिवसाला बरेच नमुने होतात. रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, इट्रियम, झिर्कोनियम, नायोबियम ही मधल्या वजनाची मूलद्रव्यं ते बरी मोजतं. सोडियम, मॅग्नेशियम यांच्या वाटेला जाऊ नका, त्यांचे क्षीण किरण हवेतच शोषले जातात.

प्रयोगशाळेतल्या एक्सआरएफला दगडाची पूड आणि तिची लिथियम बोरेटबरोबर वितळवून केलेली काचेची चकती लागते. आयसीपी-एमएस (मूलद्रव्यांचे आयन करून ते वजनानुसार मोजणारं यंत्र) त्याहून सूक्ष्म घटक मोजतं, पण दगड आम्लात विरघळवावा लागतो. त्यासाठी वापरतात ते हायड्रोफ्लुओरिक आम्ल जीवघेणं आहे. ते प्रशिक्षित माणसाशिवाय आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असल्याशिवाय उघडायचं नाही. लेझरवालं आयसीपी-एमएस केसाएवढा खड्डा पाडून काम भागवतं. ते काचेसारख्या दगडाला उत्तम, पण जाडसर डोलेराइटवर लेझर नेमका एकाच स्फटिकावर बसतो आणि आकडा दगडाचा न येता त्या स्फटिकाचा येतो.

माझा सल्ला असा: डोंगरातल्या नमुन्यांची पूड करून प्रयोगशाळेत पूर्ण विश्लेषण, आणि तेच नमुने व सगळी हत्यारं हातातल्या यंत्रावर. दोन्हींची सांगड घालता येते. पूड करताना टंगस्टन कार्बाइडचं भांडं वापरलं तर कोबाल्ट आणि टंगस्टनचे आकडे बिघडतात, पोलादी वापरलं तर लोह आणि क्रोमियमचे. अकीकाचा खल सगळ्यात सुरक्षित, फक्त हात दुखतात.

६. मोजण्याचा दिवस

एक्सआरएफमधून क्ष-किरण निघतात, त्यामुळे अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू होतात. यंत्र स्टँडवर बसवा. एका हातात हत्यार आणि दुसऱ्यात यंत्र, असं कधीही करायचं नाही.

यंत्रात "माती", "खनिज" असे तयार मोड असतात. माती मोडमध्ये बेसॉल्ट मोजून आलेले आकडे मी छापील लेखांतही पाहिले आहेत. ते टाकाऊ असतात. तुमच्या दगडासारखीच घडण असलेले प्रमाण-नमुने, म्हणजे ज्यांचे आकडे आधीच ठाऊक आहेत असे नमुने, मोजून यंत्राच्या आकड्यांची दुरुस्ती स्वतः ठरवा. बेसॉल्टसाठी अमेरिकेच्या भूसर्वेक्षणाचा बीएचव्हीओ-२ हा हवाईचा नमुना सोयीचा. त्यात टायटॅनियम ऑक्साइड सुमारे २.७३ टक्के आणि झिर्कोनियम १७२ पीपीएमच्या (दहा लाखांत १७२ भाग) आसपास. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तो पुन्हा मोजा, म्हणजे यंत्र दिवसभरात किती सरकलं ते कळेल.

हत्यारावर जागा निवडणं हे कौशल्याचं काम. सपाट, स्वच्छ, मोजणीच्या खिडकीपेक्षा मोठी आणि निदान तीन मिलिमीटर जाड जागा हवी. किमान तीन ठिकाणी मोजा, कारण बेसॉल्टमध्ये खिडकीखाली मोठा स्फटिक किंवा भरलेली पोकळी आली की आकडा उडी मारतो. आपल्याकडच्या हत्यारांवर चुनखडीचं पांढरं कंकर चिकटलेलं असतं. त्यावर मोजलं तर कॅल्शियम आणि त्याच्या जोडीने स्ट्रॉन्शियम फुगतं. ते आम्लाने धुवायचं मनात आणू नका, दुसरी जागा शोधा.

आणि संग्रहालयातला तो पांढरा ठिपका! वस्तूवर क्रमांक लिहिण्यासाठी आधी पांढरा रंग लावतात, आणि पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतं. खिडकीचा कोपरा जरी त्यावर आला तरी तुमच्या हत्याराचा टायटॅनियम आभाळाला भिडतो. एखादंच हत्यार गटापासून फटकून दूर गेलेलं दिसलं, की "लांबून आणलेला दगड!" म्हणून हरखण्याआधी त्याचा फोटो काढून ठिपका कुठे आहे ते बघा.

७. आकड्यांशी झटापट

कुजताना कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, स्ट्रॉन्शियम दगडातून निघून जातात. टायटॅनियम, झिर्कोनियम, नायोबियम, इट्रियम बरेचसे टिकून राहतात. म्हणून जुन्या, साल धरलेल्या हत्यारांसाठी या टिकाऊ मूलद्रव्यांची गुणोत्तरं वापरा. साधा आलेख काढा: झिर्कोनियम-नायोबियम गुणोत्तर एका अक्षावर, टायटॅनियम-झिर्कोनियम दुसऱ्यावर. आधी फक्त उगम टाका. उगमच एकमेकांत मिसळलेले दिसले तर थांबा, हत्यारं टाकून काही उपयोग नाही.

हातातल्या यंत्रावर स्ट्रॉन्शियमची दुय्यम रेषा झिर्कोनियमच्या मुख्य रेषेवर येऊन बसते. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये स्ट्रॉन्शियम भरपूर असतं, त्यामुळे ही दुरुस्ती नीट झाली आहे ना, हे प्रमाण-नमुन्यावरून तपासाच. पुढे बहुचल सांख्यिकी, म्हणजे अनेक मूलद्रव्यं एकत्र धरणारी गणितं, वापरायची तर आकड्यांची लॉग-गुणोत्तरं (गुणोत्तरांचे लॉगरिदम) करा, आणि उगमाचे नमुने मूलद्रव्यांच्या संख्येपेक्षा बरेच जास्त हवेत.

आता दख्खनची खास गंमत. सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांची रासायनिक वर्गवारी १९८० च्या दशकापासून झालेली आहे: जव्हार, इगतपुरी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर वगैरे. बुशेच्या लाव्हात भूकवचाच्या दगडाची भेसळ जास्त, त्यामुळे स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) गुणोत्तर ०.७१ च्या पुढे जातं. आंबेनळीत ते ०.७०४ च्या आसपास. हे वाचून वाटतं, झालं काम! पण आंबेनळी आणि महाबळेश्वर जातीचा लाव्हा थेट आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत, जवळपास हजार किलोमीटरवर सापडतो. "आंबेनळी जातीचा" म्हणजे आंबेनळी घाटातला नव्हे. शिवाय एखाद्या डाइकमधून वर आलेला लाव्हा आणि त्याचा बाहेर पसरलेला थर यांचं रसायन सारखंच असू शकतं. तिथे रसायन हात टेकतं आणि तिसऱ्या पायरीतली पातळ चकती कामाला येते, कारण डाइक आणि थर यांची वीण बऱ्याचदा वेगळी दिसते.

ऑब्सिडियनवालेही या अडचणीतून सुटलेले नाहीत. पूर्व तुर्कस्तानातल्या बिंगोल आणि नेमरुत दाग इथली एक जात इतकी सारखी आहे, की त्यांना वेगळं करताना भल्याभल्यांचा कस लागला.

८. निष्कर्ष लिहिताना

प्रत्येक हत्यारासमोर तीनच शक्यता ठेवा: तपासलेल्या अमुक उगमाशी सुसंगत, तपासलेल्या एकाही उगमाशी जुळत नाही, ठरवता येत नाही. "अमुक डाइकमधून आणले" असं लिहायचा मोह आवरा. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील, की शेजारचा डाइक बघितलात का? न तपासलेल्या उगमांची यादी नकाशासकट परिशिष्टात द्या. ती दिली की तोंडी परीक्षेतली निम्मी हवा निघून जाते.

उगम आणि स्थळ यांतलं अंतर नकाशावरच्या सरळ रेषेत देऊ नका. मधे घाट किंवा बारमाही नदी असेल तर चालायची वाट धरून द्या. आणि जवळच चांगला दगड असताना लांबचा वापरलेला दिसला, तरच माणसाच्या निवडीबद्दल बोला.

कच्चे आकडे, प्रमाण-नमुन्याची वाचनं, यंत्राचं मॉडेल, व्होल्टेज, फिल्टर आणि सेकंद, सगळं छापा. नाहीतर तुमच्यानंतर त्याच खोऱ्यात काम करणाऱ्याला तुमचे आकडे जोडून घेता येणार नाहीत. उरलेली पूड आणि डोंगरातले नमुने क्रमांकासह विभागात जमा करा. हत्यारं परत करताना यादीशी एकेक ताडून घ्या आणि पोच पावतीवर तारखेसह सही घ्या. त्या पावतीची प्रत स्वतःकडे ठेवा, पुढच्या परवानगीच्या अर्जाला ती जोडावी लागते.